नोकरी शोधण्याआधी हातातले महिने मोजा

या पुस्तिकेतले आधीचे पाठ बचत कशी करावी यावर होते. ही बचत कशासाठी, असे विचारले तर मुलांचे शिक्षण, लग्न, घर अशी उत्तरे मिळतात. पगारदार माणसाच्या बचतीची पहिली परीक्षा मात्र बहुधा त्याआधीच होते. नोकरी सुटते आणि पुढची मिळेपर्यंत घर त्या बचतीवर चालवायचे असते. म्हणून बचतीच्या पुस्तिकेत नोकरी शोधण्यावर हा पाठ आहे.

चेन्नईत राहणाऱ्यांना हे लांबचे वाटू नये. श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला. हजारो कामगार तिथे होते, त्यात तरुण मुलींचा भरणा मोठा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथले उत्पादन थांबले. करविषयक वादामुळे हा कारखाना मायक्रोसॉफ्टबरोबरच्या व्यवहारातून बाहेर राहिला होता. कामगारांच्या हाताच्या कौशल्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातले मोटारींचे उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले आणि मरैमलै नगरचा कारखाना २०२२ मध्ये थांबला. नोकियाची जागा साल्कॉम्प ही चार्जर बनवणारी कंपनी घेणार असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. म्हणजे जागेला पुन्हा काम मिळायला पाच वर्षे लागली. इतकी वर्षे कोणा कामगाराची बचत पुरत नाही.

नोकरी गेल्यावर लोक पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवायला लागतात. ते चूक नाही, पण त्याआधी एका संध्याकाळी घरातल्यांना घेऊन वही उघडा.

किती महिने आहेत?

एक उदाहरण घेऊ. समजा अंबत्तूरमधले चौघांचे घर आहे आणि हातात येणारा पगार ३२,००० रुपये होता. नोकरी नसताना चालवावाच लागेल असा महिन्याचा खर्च असा: घरभाडे ९,०००, किराणा, दूध, भाजी, गॅस ९,०००, वीज आणि फोन १,५००, शाळा २,५००, दुचाकीचा हप्ता २,८००, गावाकडे आईवडिलांना २,०००, नोकरी शोधण्यासाठी येण्याजाण्याचे, कागदपत्रांचे १,२००. एकूण २८,०००. शेवटचा खर्च लोक धरत नाहीत, आणि मग मुलाखतीला जायला पैसे नाहीत म्हणून घरी बसतात. तो धराच.

आता पैसे. बचत खात्यात २२,०००, दोन मुदत ठेवी मिळून ६०,०००, आवर्ती ठेवीत १८,०००, जुन्या कंपनीकडून शेवटचा पगार आणि शिल्लक रजेचे ४०,०००. एकूण १,४०,०००. भागिले २८,००० केले की ५ महिने. घरातली बाई डबे किंवा शिवणकाम करून महिना ८,००० आणत असेल, तर बचतीतून २०,०००च जातात आणि तेच पैसे ७ महिने पुरतात. महिना आठ हजारांनी दोन महिने वाढले. कुटुंबातली छोटी कमाई "किरकोळ" म्हणून हिशेबाबाहेर ठेवणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा पाहावा.

या ७ महिन्यांतून दीड महिना लगेच वजा करा. निवड झाली तरी रुजू व्हायला पंधरा दिवस जातात आणि पहिला पगार त्यानंतर महिन्याने येतो. राहिले साडेपाच. जूनमध्ये शाळेची फी असेल तर तेही आताच काढून ठेवा.

या आकड्यात पीएफ, सोने आणि घरमालकाकडची अनामत धरलेली नाही. पीएफचे पुढे येईल. सोने गहाण टाकले की त्यावर व्याजाचे मीटर चालू होते, म्हणून ते शेवटच्या महिन्यांसाठी. अनामत ही चेन्नईची खास गोष्ट आहे. इथे दहा महिन्यांचे भाडे आगाऊ देण्याची जुनी रीत आहे. ९,००० भाड्याच्या घराचे ९०,००० रुपये मालकाकडे पडून असतात. कित्येक घरांची सर्वांत मोठी बचत तीच असते आणि तिच्यावर व्याज नसते. तामिळनाडूच्या २०१७ च्या भाडेविषयक कायद्यात तीन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे खरी, पण करारात वेगळे लिहून ती ओलांडता येते. पुढच्या वेळी घर बदलाल तेव्हा सही करण्याआधी यावर बोला. नोकरी गेल्यानंतर त्या पैशांतून भाडे वळते करून घ्या असे मालकाला सांगून पाहता येते, काही ऐकतात.

मुदत ठेव मोडण्याआधी तिच्यावर कर्ज मिळते का ते शाखेत विचारा. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडते, आणि दोन-तीन महिन्यांचीच गरज असेल तर ते मोडण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. हप्ता चुकणार असे दिसले तर चुकण्याआधी बँकेत जा. तारीख पुढे नेणे, मुदत वाढवणे यांवर तेव्हा बोलता येते. दोन हप्ते परत गेल्यावर तेच बोलणे अवघड होते, वर दंड वेगळा.

हे सगळे कशासाठी? पैशाची ओढ लागली की माणूस नोकरीही वाईट निवडतो. हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. तामिळनाडूतल्याच ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. ऊस तुटण्याआधी हात आखडलेला असतो, पैसे मिळाल्यावर मोकळा होतो. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळा विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या, तेव्हा तुटीच्या दिवसांतले निकाल स्पष्टपणे खाली होते. माणूस तोच, डोकेही तेच, पण त्यातला मोठा भाग पैशाच्या काळजीने अडवलेला. हातातल्या महिन्यांचा आकडा कागदावर असला की ही काळजी थोडी तरी कमी होते.

मग महिने वाटून घ्या. साडेपाच असतील तर पहिले अडीच महिने फक्त जुन्या कामाच्या तोडीची नोकरी शोधा. पुढचे दोन महिने जवळपासचे काम आणि थोडा कमी पगारही चालेल असे ठरवा. शेवटच्या महिन्यात प्रामाणिक, वेळेवर पगार देणारे जे काम मिळेल ते घ्या आणि त्यात राहून शोध चालू ठेवा. ही वाटणी आजच, शांत डोक्याने करायची. सहाव्या महिन्यात ती करता येत नाही.

जुन्या नोकरीतून काय येणे आहे

निरोपाच्या कागदावर सही करण्याआधी येणे किती ते स्वतः मोजा. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. बेरीज २०,८०० आणि सेवा ७ वर्षे असेल तर २०,८०० भागिले २६ म्हणजे ८००, त्याचे पंधरा दिवसांचे १२,०००, आणि ७ वर्षांचे ८४,०००. वरच्या उदाहरणात ही रक्कम आली तर चार महिने आणखी वाढतात.

कामगार वर्गातल्या माणसाला कपातीत काढले तर नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार ही कायद्याने ठरवलेली किमान भरपाई आहे. किमान, हे लक्षात ठेवा. फोर्डच्या चेन्नईतल्या कामगारांनी वर्षभर बोलणी केली आणि २०२२ मध्ये वर्षामागे सरासरी सुमारे १३० दिवसांच्या पगाराइतकी तडजोड झाली. एकटा माणूस असे बोलू शकत नाही. संघटना बोलू शकते. पण मोठी रक्कम एकदम हातात आली की जमिनीचे दलाल, चिटफंडवाले आणि लांबचे नातेवाईक दारात येतात. ती रक्कम पहिले सहा महिने साध्या मुदत ठेवींत तुकडे करून ठेवा. धंदा काढायचा असला तरी नंतर.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर दोन गोष्टी विचारा. एक, औषधोपचार नोकरी सुटल्या दिवशीच थांबत नाहीत, आधी भरलेल्या वर्गणीनुसार पुढे काही महिने चालतात. दोन, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगारीच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे, आयुष्यात एकदाच. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवत आणली आहे, म्हणून आजची स्थिती शाखा कार्यालयात पाहूनच अर्ज करा. कंपनीचा खाजगी आरोग्य विमा असेल तर तो मात्र नोकरीबरोबर संपतो. त्या काळासाठी घरच्यांची छोटी पॉलिसी घेणे हा खर्च वाचवू नये.

पीएफ काढता येतो, आणि म्हणूनच तो काढायची घाई होते. ती करू नका. रक्कम खात्यात राहिली तर व्याज चालू राहते. २०२४-२५ साठी तो दर ८.२५ टक्के होता. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेली रक्कम सहसा करपात्र ठरते. कारखानाच बंद पडला किंवा आजारपणामुळे नोकरी सुटली तर सूट आहे. पीएफच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. सहाव्या वर्षी पेन्शनचा भागही काढून घेतला की ती सहा वर्षे पुसली जातात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तोच यूएएन क्रमांक नव्या मालकाला दिला तर जुनी सेवा जोडली जाते.

नोकरीची बातमी कोणाकडून येते

१९७० च्या सुमारास मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या माणसांना विचारले, तुम्हाला ही खबर कोणी दिली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त सुमारे १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण सोपे आहे. जवळच्या माणसाला तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. जुना सहकारी, आता दुसऱ्या कंपनीत गेलेला माल पुरवठादार, मुलाच्या शाळेतल्या मित्राचे वडील यांच्याकडे वेगळी खबर असते.

मराठी माणसाला हे दुसऱ्या बाजूनेही माहीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातून सोन्याचांदीच्या गलाईचे काम करणारे लोक देशभर पसरले, चेन्नईतही आले. एक जण दुकान टाकतो, मग भाऊ, मेहुणा, गावातला पोरगा. परक्या शहरात पहिल्या दिवशी जेवण, झोपायला जागा आणि काम, तिन्ही मिळते. याहून चांगली व्यवस्था कोणत्याही सरकारी कचेरीने केलेली नाही. पण ही साखळी बहुधा एकाच धंद्यात नेते. गलाईतल्या घरातल्या ज्या मुलाने आयटीआय केले आहे, त्याला वेल्डरच्या जागेची बातमी त्या साखळीतून सहसा मिळत नाही. त्याला साखळीबाहेरची माणसे लागतात.

तेव्हा अशा चाळीस माणसांची यादी करा. चाळीस ऐकायला खूप वाटते. फोनमधली नावे वर-खाली करून पाहा, होतात. "कुठे काही असेल तर सांगा" हे वाक्य वापरू नका, त्याने समोरच्याच्या डोक्यात काहीच उभे राहत नाही. असे म्हणा: "साहेब, मी सात वर्षे प्रेस शॉपमध्ये गुणवत्ता तपासणी केली आहे. ओरगडमच्या बाजूला सुटे भाग बनवणाऱ्या कोणत्या कंपनीत तुमची ओळख आहे? तिथे कोणाला भेटू?" यात काम, अनुभव, भाग आणि मागणी चारही आहेत. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा: नोकरी मागू नका, पुढच्या माणसाचे नाव मागा. नाव देणे कोणालाही जड जात नाही.

आठवड्याला दहा जणांशी बोलायचे आणि वहीत तारीख, नाव, काय ठरले ते लिहायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा एक फोन. लोक विसरतात, टाळत नसतात.

चेन्नईत काम भागाभागांत वाटलेले आहे. गिंडी आणि अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतींत लहान-मध्यम कारखाने, श्रीपेरुंबुदूर-ओरगडमच्या पट्ट्यात मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक्स, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर संगणकाच्या कंपन्या. मोठ्या कंपनीच्या दारातली गर्दी सगळ्यांना दिसते. तिला माल पुरवणाऱ्या पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्यांकडे कमी लोक जातात. माझ्या मते अनुभवी माणसाने आधी तिथे जावे. तिथे मालक किंवा व्यवस्थापक स्वतः भेटतो आणि पाच मिनिटांत काम येते की नाही हे ओळखतो.

भाषेचे काय? तंजावरी मराठी घरांना हा प्रश्न नाही. सातारा-सांगलीकडून अलीकडे आलेल्यांना आहे. यंत्रशाळेत, दुकानात, गोदामात बोलण्यापुरती तमिळ आली की पर्याय बरेच वाढतात. रिकाम्या महिन्यांत रोज एक तास त्यासाठी द्या. हा शोधाचाच भाग आहे.

सरकारी वाटा सोडू नका, पण त्यांवर बसूनही राहू नका. रोजगार कार्यालयात नाव असेल तर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, ते तपासा. केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आणि राज्याच्या खाजगी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी विनामूल्य आहे. रोजगार मेळाव्यात सकाळी लवकर जा, अर्जाच्या दहा प्रती घेऊन.

पैसे मागणारी नोकरी

नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, लॅपटॉपची अनामत, कोणत्याही नावाने नोकरीआधी पैसे मागितले तर तिथून उठा. परदेशी नोकरीसाठी फक्त सरकारी परवाना असलेला एजंट, आणि त्यालाही ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. थायलंडमध्ये संगणकावरचे काम म्हणून नेलेले तमिळ तरुण २०२२ मध्ये म्यानमारच्या म्यावाडी भागातल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवरून सोडवून आणावे लागले होते. नोकरीचे गाव आणि तिकिटावरचे गाव जुळते का हे पाहा.

खातेदारांनी एका प्रकारापासून फार जपावे. "तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून बाकीचे पुढे पाठवा" असे घरबसल्या कामाचे आमिष येते. ते पैसे बहुधा कोणाला तरी लुबाडून आलेले असतात. पोलीस सर्वांत आधी ज्या खात्यात पैसे आले त्या खातेदाराकडे येतात, खाते गोठते, आणि नोकरी नसताना हातातली बचतही अडकते. पासबुक, एटीएम कार्ड किंवा सिम "कंपनीसाठी" देणे हाही तोच प्रकार. फसलात तर त्याच तासाला १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

पगाराचा आकडा आणि हातात येणारे पैसे

समजा शेवटी दोन जागा मिळाल्या. गिंडीत ३३,००० आणि ओरगडममध्ये ३६,०००. तीन हजारांचा फरक पाहून ओरगडमला होकार देण्याआधी विचारा: कंपनीची बस अंबत्तूरहून आहे का? तिन्ही पाळ्यांना? नसेल तर दुचाकीचे पेट्रोल आणि रोजचे तीन तास, किंवा घर बदलणे. घर बदलायचे तर नव्या मालकाला अनामत आधी द्यावी लागते आणि जुना मालक ती मागाहून परत करतो, कधी रंगकामाचे पैसे कापून. बेरोजगारीतून नुकत्याच बाहेर आलेल्या घराला हे मधले पैसे जमवणे सर्वांत कठीण असते. बस असेल तर ओरगडम, नसेल तर गिंडी, असे या उदाहरणात मी सांगेन.

सांगितलेला आकडा वर्षाचा आहे की महिन्याचा, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरली आहे का, हेही विचारा. नोकरी कंपनीची की कंत्राटदाराची? कंत्राटदाराची असेल तर पीएफ कोणाच्या नावाने भरला जाईल हे नेमणूकपत्रात पाहा. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नका, दाखवा आणि परत घ्या. सध्या नोकरीत असाल आणि बदलायची असेल, तर लेखी नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका.

रुजू होताना जुना यूएएन लिहून द्या. नवा काढू देऊ नका. पहिल्या पगारानंतर महिन्याभराने पीएफचे पासबुक उघडून नव्या मालकाची वर्गणी जमा झाली का ते पाहा. त्याच महिन्यात बंद पडलेली आवर्ती ठेव पुन्हा सुरू करा, सुरुवातीला पाचशे रुपयांची असली तरी.